डाळिंबी ठिपका

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, दिवा गेला, आणि तिने सगळ्यात आधी काय केलं असेल तर हातातला बर्फाचा डबा पोटाशी घट्ट धरला. दुसरी एखादी किंचाळली असती. हिने डब्यालाच विचारलं, "ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे," वरून एक पुरुषी आवाज आला. "तुम्ही कशा आहात?"

"मी डब्याशी बोलत होते."



"बरं... म्हणजे आत तुम्ही दोघं आहात."

"एकटी आहे! आणि घाईत आहे. बर्फ वितळला तर यातलं सगळं फुकट जाईल."

"जेवण आहे का?"

"जेवण नाहीये. काय आहे ते सांगितलं तर तुम्हाला आज जेवण जाणार नाही."

"ते तसंही जाणार नाहीये," आवाज म्हणाला, आणि त्यातली थट्टा एकदम विझली. मग लोखंडाची खरखर, एक शिवी – आत बाई आहे हे आठवून अर्ध्यावर गिळलेली – आणि दारात हातभर फट पडली. तिच्या डोक्याच्या उंचीवर बाहेरची फरशी होती आणि फरशीवर पालथा पडलेला एक माणूस. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर घाम, आणि डोळे... कित्येक रात्री न झोपलेल्या माणसाचे.

"आधी डबा द्या."

"डबा मी कोणाच्या हातात देत नाही."

"मग डब्यासकट या," तो म्हणाला, आणि दंडांना धरून त्याने तिला वर ओढून घेतलं. कसं, ते तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. तिच्या पांढऱ्या ॲप्रनच्या दोन्ही बाह्यांवर ग्रीसची बोटं उमटली. तिने आभार मानले का? छे. ती जिन्याकडे पळत सुटली. वळणावर मात्र तिने मागे वळून पाहिलं. तो फरशीवर तसाच बसून तिच्याकडे बघत होता.

तो त्या हॉस्पिटलचा लिफ्ट मेकॅनिक. ती त्याच हॉस्पिटलच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत पेशी वाढवणारी. डब्यात बर्फात रोवलेल्या दोन नळ्या होत्या, आणि प्रत्येकीत एकेका बाईच्या गर्भनलिकेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. एक बाई कोण, कुठली, ते कोणालाच माहीत नव्हतं. दुसरी त्याची थोरली बहीण. ती वर ऑपरेशनच्या टेबलावर असताना बाहेर बाकावर बसवेना, म्हणून तो हत्यारांची पेटी घेऊन कामाला लागला होता. आपण नक्की काय वर ओढलं, याची त्याला कल्पना नव्हती.

ताईला ती आदल्या दिवशी वॉर्डात भेटली होती, संमती घ्यायला. "तुमच्या शरीरातून जे काढतील त्यातला निरोगी भाग आम्हाला दिलात तर..." हे घोकून पाठ केलेलं वाक्य ती म्हणत होती आणि ताई खाटेवर मांडी घालून नखं रंगवत होती. रंग डाळिंबी.

"थांबलीस का? बोल ना. काय करणार माझ्या नळीचं?"

तिने सांगितलं. मूल गर्भाशयात वाढतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्याही आधी काही दिवस ते नलिकेत असतं, खसखशीच्या दाण्याहून लहान. नलिकेतल्या पेशी त्याला खाऊपिऊ घालतात आणि हळूहळू पुढे सरकवतात. त्या त्याला नेमकं काय देतात, ते अजून कोणाला पुरतं कळलेलं नाही. म्हणून त्या पेशी प्रयोगशाळेत जाळीच्या पडद्यावर वाढवायच्या, खालून रस, वरून हवा, आणि त्या नलिकेसारख्या वागायला लागल्या की त्यांच्यावर उंदराचे भ्रूण ठेवून बघायचे. नुसत्या प्लास्टिकच्या बशीत ठेवले तर त्यांतले बरेचसे मरतात.

"उंदराचे?" ताई हसली. "माझ्याकडे माणसाचं दोनदा आलं, दोन्ही वेळा राहिलं नाही. नवऱ्याने तिसऱ्याची वाटसुद्धा पाहिली नाही, दुसरं घर थाटलं. आता उंदीर तर उंदीर. राहू देत बापडे."

तेवढ्यात नर्स आली आणि नखं बघून भडकली. ऑपरेशनच्या वेळी बोटाला चिमटा लावतात, तिथे रंग चालत नाही. ताईने कुरकुरत सगळी नखं पुसली आणि बाटली हिच्या हातात कोंबली. "सांभाळ. बाहेर आले की घेते परत."

लिफ्टमधून सुटून ती तळघरात पोचली तेव्हा बर्फ अजून शाबूत होता. दोन तुकडे, दोन प्लेटी, प्रत्येकीला सहा खण. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावत: नंबर झाकणावर लिहायचा नाही, प्लेटच्या अंगावर लिहायचा. झाकणं फिरतात. पण फ्रीजमधून काढलेल्या गार प्लेटींना दव सुटलं होतं, पेन उठेना. "उद्या लिहू," म्हणून तिने तात्पुरते नंबर कोरड्या झाकणांवर टाकले. आणि मग जरा गंमत म्हणून खिशातली बाटली काढून ताईच्या प्लेटच्या बुडाशी, खालच्या बाजूने, कोपऱ्यात एक डाळिंबी ठिपका दिला. काचपट्ट्या चिकटवायला तिथे नेलपॉलिश नेहमीच लागतं, कोणाला त्यात काही वावगं दिसलं नसतं.

तो उद्या काही उगवला नाही. कामाच्या ठिकाणचे उद्या असेच असतात.

ती बाटली परत द्यायला वॉर्डात गेली तेव्हा खाटेशेजारच्या स्टुलावर तो बसला होता. हात धुतलेले, पण नखांच्या कडा काळ्याच.

"अरेच्चा," तो उठून उभा राहिला, "डब्याशी बोलणाऱ्या बाई!"

"तू ओळखतोस हिला?" ताईने विचारलं. "अरे, हिनेच तर माझी नळी नेली."

तो ताईकडे बघत राहिला, मग हिच्याकडे. डब्याचा हिशोब त्याच्या डोक्यात जुळायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे त्या दिवशी मी... तुम्हाला दोघींना एकदमच वर ओढलं?"

"आणि आभार मानायचे राहिले," ती म्हणाली. "आमच्या दोघींच्या वतीने मानते."

ताई हसली, हसताना टाके ओढले गेले, तिने पोट धरलं. बाटली मात्र तिने परत घेतली नाही. "राहू दे तुझ्याकडे. हात बघ स्वतःचे, सदा हातमोज्यांत उकडून निघालेले. एकदा हातमोजे काढ, नखं रंगव आणि माझ्या या ठोंब्याला दाखव. त्याने जन्मात केबल सोडून काही पाहिलेलं नाही."

"ताई!" दोघं एकदम म्हणाले, आणि दोघंही एकदम दुसरीकडे बघायला लागले.

त्यानंतर तळघराची लिफ्ट वरचेवर बिघडायला लागली.

"आज काय झालं हिला?"

"आवाज करतेय."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तुम्हाला डब्यांचा ऐकू येतो, मला लिफ्टचा. ज्याचं त्याला."

तो पेटी उघडून बसायचा, ती चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची. स्क्रू काढायचा आणि तोच परत बसवायचा. तेवढ्या वेळात त्याने तिला सांगून टाकलं की आईवडील गेले तेव्हा तो लहान होता, ताईनेच त्याला वाढवलं, शाळेत घातलं, हातात पाना दिला. ती काय सांगणार? तिने सांगितलं की तिची आई शेजाऱ्यांना 'मुलगी हॉस्पिटलात बश्या सांभाळते' असं सांगते. तो खो खो हसला, आणि हसता हसता मध्येच थांबला, कारण वर ताई होती आणि ताईचं काही ठीक नव्हतं.

डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हाच कळलं होतं की रोग सगळीकडे पसरलाय. औषधं चालू होती, पण औषधं देणाऱ्यांचे चेहरे पडलेले होते. ताईचे केस गेले. भुवयाही गेल्या. रोज कामावरून घरी जायच्या आधी ती ताईकडे डोकावायची.

"कशा आहेत माझ्या पेशी?"

"छान. आता त्यांना केस यायला लागलेत, अगदी बारीक. ते हलतात."

"बघ की! माझे गळले आणि त्यांना आले." आणि मग थट्टेचा सूर सोडून, तिचं मनगट धरून ताई म्हणाली, "एक ऐक. त्यांना रिकामं बसवू नकोस. मी आयुष्यभर रिकामी म्हणून ऐकून घेतलंय. तुझे ते उंदीर ठेव त्यांच्यात. ठेवशील ना?"

"ठेवीन."

"शब्द दे."

तिने शब्द दिला. ताईची बोटं तिच्या मनगटावर इतकी हलकी होती की पकड कधी सुटली ते तिला कळलंच नाही.

ताई गेली ती सकाळच्या वेळी. ती तळघरात दोन्ही प्लेटींचा रस बदलत होती. जंतू लागू नयेत म्हणून असलेल्या काचेआड दोन्ही प्लेटी उघड्या, झाकणं बाजूला शेजारी-शेजारी ठेवलेली. मॅडम दारात आल्या. एरवी हात काचेआड असताना त्या कोणाशी बोलत नसत.

"वरून फोन होता," त्या म्हणाल्या. "तुझी ती ताई... गेली."

तिने झाकणं उचलली, बसवली, प्लेटी पेशी उबेत ठेवायच्या गरम कपाटात सरकवल्या आणि धावत वर गेली. तो वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभा होता. रडत नव्हता. तिला बघून इतकंच म्हणाला, "लिफ्ट चालू होती ना? जिन्याने का आलात?"

अंत्यविधी झाला, लोक आले, गेले. तो कामावर रुजू झाला. सगळे म्हणत, खंबीर आहे हो पोरगा. तिला तो खंबीर वाटला नाही. गच्च बंद केलेल्या नळासारखा वाटला.

मग एक दिवस तो तळघरात आला. पेटीशिवाय.

"मला बघता येतील का? तिच्या... त्या."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. त्याने ॲप्रन चढवला, बुटांवर पिशव्या ओढल्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या स्टुलावर अंग चोरून बसला. तिने ताईच्या नंबरचं झाकण असलेली प्लेट आणली, भिंगाखाली ठेवली, स्पष्ट दिसेपर्यंत चाक फिरवलं.

तो भिंगावर वाकला.

"हे हलतंय ते काय?"

"केस. सांगितलं होतं ना... भ्रूणाला पुढे न्यायला ते असे लाटेसारखे हलतात."

"पण आता तर कोणी नाहीये तिथे."

"नसलं तरी हलतात."

"अजून?"

"अजून."

त्याने डोळे भिंगाला तसेच लावून ठेवले. "बोलताना तिचे हात असेच चालायचे," तो म्हणाला. "समोर कोणी ऐकत नसलं तरी."

त्या दिवसापासून दर शुक्रवारी काम संपलं की तो यायचा. प्लेटशी बोलायचा, आधी मनात, मग हळू आवाजात. आज पगार झाला. आज चौथ्या मजल्याची मोटर जळाली. आज बर्फवालीने मला अर्धी पोळी दिली. बर्फवाली म्हणजे ती. हे नाव कधी पडलं आणि 'अहो'चं 'अगं' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. परत जाताना तो दारात रेंगाळायचा. ती हातमोजे न काढताच त्याला निरोप द्यायची. आणि नंतर रिकाम्या स्टुलाकडे बघून तिच्या मनात जे यायचं त्याची तिला लाज वाटायची. तिला शुक्रवारची ओढ लागली होती. एक माणूस बहिणीला भेटायला येतो आणि आपण त्याच्या पावलांची वाट बघतो! पण वाट बघणं काही थांबलं नाही. तिचा त्याच्यावर जीव जडला होता, हे सरळ सांगून टाकलेलं बरं.

आणि मग उंदराचे भ्रूण आले.

"एका प्लेटमध्ये भ्रूण, दुसरी तुलनेसाठी नुसतीच," मॅडम म्हणाल्या. "भ्रूण ताईच्या प्लेटमध्ये घालू. त्या बाईंची तशीच इच्छा होती ना?"

प्रयोग संपला की भ्रूणांची प्लेट जिवंत ठेवत नाहीत. फॉर्मालिन घालतात, पेशी आहेत तशा थिजतात, मग रंग देऊन बघतात. नुसती प्लेट मात्र गरम कपाटात आणखी काही दिवस चालू राहिली असती. म्हणजे ताईचा शब्द पाळला की शुक्रवार संपले.

"तिच्या पेशींचे केस अजून नीट आलेले नाहीत," ती म्हणाली. "दुसरी वापरू या?"

धडधडीत खोटं. केस दृष्ट लागण्यासारखे आले होते. पण मॅडमचा तिच्यावर विश्वास होता, त्यांनी मान डोलावली. तिने अनोळखी बाईच्या नंबरचं झाकण उचललं आणि खणाखणात भ्रूण सोडले, आणि ताईच्या झाकणाची प्लेट परत कपाटात सरकवली, मागच्या कोपऱ्यात, कोणाचा हात पोचणार नाही अशी. मेलेल्या बाईला दिलेला शब्द तिने एका जिवंत माणसासाठी मोडला. रात्री जेवताना आईने विचारलं, काय ग, भात नुसताच का चिवडतेयस?

भ्रूण झक्क वाढले. तुलनेसाठी नुसत्या प्लास्टिकच्या बशीत ठेवलेले निम्म्याहून जास्त सुकले, पण पेशींवरचे सगळे तगले, टपोरे झाले. मॅडम खूश. तिने फॉर्मालिन घातलं, जाळ्या काढून घेतल्या, खणातला रस ओतून टाकला आणि प्लेट निथळायला कागदावर उलटी ठेवली.

बुडाशी, कोपऱ्यात, डाळिंबी ठिपका होता.

रसाने भरलेली प्लेट कोणी उलटी करून बघत नाही. आणि ज्याची खात्री असते ते कोणी तपासत नाही. ती तिथेच खाली बसली. ती सकाळ, दोन उघड्या प्लेटी, शेजारी-शेजारी झाकणं, दारात मॅडम... झाकणं तेव्हाच फिरली होती. भ्रूण वाढवले ते ताईने. थिजली ती ताई. आणि तो इतके शुक्रवार जिच्याशी बोलत होता ती कोणी तिसरीच.

फडताळावर नेलपॉलिश पुसायचं औषध होतं. तिने कापसाचा बोळा भिजवला. एक ठिपका, एकदा पुसायचा, झालं. दुसऱ्या प्लेटचे केस मजेत हलत होते, उद्या शुक्रवार होता, तो येऊन म्हणाला असता, ताई, आज अमुक झालं. कोणाला कळणार होतं? ती बोळा हातात धरून बसून राहिली. औषध उडून गेलं, बोळा कोरडा झाला, ठिपका तिथेच होता.

तिने मॅडमना सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंसुद्धा. मॅडम बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "प्रयोगाचं मी बघते," त्या म्हणाल्या. "त्या मुलाला कोण सांगणार?"

"मी."

शुक्रवारी तो आला तो हसतच. स्टुलावर बसला, भिंगाला डोळे लावले. "ताई, आज काय झालं माहितीये, या बर्फवालीने—"

"ती ताई नाहीये."

त्याने मान वर केली नाही. त्याला वाटलं, ही चेष्टा करतेय.

"झाकणं बदलली. ती गेली त्या सकाळी... माझ्या हातून. तू पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच बाईला बघतोयस." एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "ताईने मला भ्रूण ठेव म्हणून सांगितलं होतं. मी शब्द दिला होता. आणि मी मुद्दाम तिची प्लेट बाजूला ठेवली, मॅडमशी खोटं बोलले... तू येत राहावंस म्हणून. पण झाकण चुकलेलं होतं. त्यामुळे भ्रूण तिच्याच पेशींवर गेले. तगले. सगळे तगले. आणि मग मीच फॉर्मालिन घातलं."

तो उठला. चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मी हिला सगळं सांगितलं," तो प्लेटकडे बघत म्हणाला. "तुझ्याबद्दलसुद्धा."

"ताई बघायचीय का? रंग दिलेली जाळी आहे, मी—"

"नको."

बुटांवरच्या पिशव्या न काढताच तो निघून गेला. लिफ्टचं दार मिटलं. त्या लिफ्टने त्या दिवशी जराही कुरकूर केली नाही, आणि नंतरही नाही. कित्येक शुक्रवार ती सुरळीत चालत राहिली. कधी जिन्यात दोघांची गाठ पडली तर तो बाजूला सरकून तिला वाट द्यायचा. एवढं सभ्यपणे कोणी कोणाला छळू नये.

अनोळखी बाईच्या पेशीही थकत चालल्या. केसांची लाट मंदावली, मग कुठे कुठे थांबली. मॅडम म्हणाल्या, आता टाकून दे ती प्लेट. तिने पेशी मारायची ब्लीचची बाटली काढली आणि हातमोजे चढवले.

"जरा थांब."

तो दारात होता. ॲप्रन घातलेला, बुटांवर पिशव्या. दाढी वाढलेली.

"ताईला बघायचंय," तो म्हणाला. "तेव्हा... हिंमत झाली नाही."

तिने काचपट्टी काढली, भिंगाखाली ठेवली. काचेची कड डाळिंबी रंगाने बंद केलेली होती. ताईच्या काचेला तिने दुसरं नेलपॉलिश लावलं नव्हतं. तो वाकला.

"हे निळे ठिपके?"

"ताईच्या पेशी."

"आणि हे गोल?"

"ते राहिलेले."

"सगळे?"

"सगळे."

त्याने हळूच चाक फिरवून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काहीच हलत नाहीये."

"नाही."

"म्हणजे ती आता... कुठेच नाही?"

खोटं बोलायला ती आता घाबरत होती, आणि खरं बोलायलाही. "कुठेच नाही," ती म्हणाली.

तेव्हा तो रडला. वॉर्डाबाहेर रडला नव्हता, अंत्यविधीला रडला नव्हता. ग्रीसच्या हातांत तोंड खुपसून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला, आणि ती शेजारी उभी राहून स्वतःचे डोळे बाहीला पुसत राहिली, कारण हातमोज्यांनी डोळे पुसायचे नसतात. मॅडमनी बाहेरून दार ओढून घेतलं.

"इतके दिवस मला वाटत होतं, आहे अजून," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. "असलेल्या माणसासाठी कसं रडणार?"

मग त्याची नजर ब्लीचजवळच्या प्लेटकडे गेली. "ही तीच ना?"

"हो. आज टाकायचीय."

"हिला बघायला कोण येतं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "तूच येत होतास."

तो प्लेटजवळ गेला. उघडा हात तिच्यावर धरला, न टेकवता. "बरंय बाई," तो म्हणाला. "तुम्ही माझं पुष्कळ ऐकून घेतलंत." आणि मागे सरला. तिने खणाखणात ब्लीच ओतलं. पेशी पडद्यावरून पांढऱ्या होऊन सुटल्या. दोघांनी ते शेवटपर्यंत बघितलं.

"माझ्यावर रागावलायस?"

"रागावलोय. झाकणांवरून नाही. खोटं बोललीस त्यावरून."

"तू यावंस म्हणून बोलले."

"कळलं ते." त्याने नाक ओढलं. "एक सांगू? ही तळघराची लिफ्ट आजवर एकदाही बिघडलेली नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रडून सुजलेल्या त्या तोंडावर, कुठेतरी अगदी कोपऱ्यात, लिफ्टच्या फटीतून पाहिलेला माणूस होता.

"ती बाटली आहे का अजून?" त्याने विचारलं.

ती त्याला बाहेरच्या खोलीत घेऊन आली. ॲप्रन काढून खुंटीला लावला, हातमोजे काढले. बोटं पांढरी, सुरकुतलेली, उकडल्यासारखी. तिने ती मागे लपवायच्या आत त्याने धरली. आतलं नेलपॉलिश दाट झालं होतं, झाकण उघडेना. त्याने खिशातून पक्कड काढून उघडलं. मग जिभेचं टोक दातांत धरून त्याने तिचं अंगठ्याचं नख रंगवलं. निम्मा रंग नखावर, निम्मा बोटावर.

"तुझ्यावर माझं प्रेम आहे," तो नखाकडेच बघत म्हणाला. "हे मी त्या बाईंना आधीच सांगितलंय. तुला सांगायचं राहिलं होतं."

तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, आणि तो ताईचा होता.

"ठोंब्या..."

त्याने मान वर केली. त्या नावाने त्याला हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्याने डोळे खांद्याला पुसले, तिचं दुसरं बोट पुढे घेतलं आणि बाटलीत कुंचली बुडवली.